नाव आपलं, पत्ता दुसऱ्याचा: ट्रेडमार्कच्या पळवाटा आणि डोमेन नावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दादरला माझं ट्रेडमार्क अर्जांचं काम चालतं. येणारे लोक बहुतेक छोट्या धंद्यातले: फरसाण, मसाले, साड्या, क्लासेस, एखादी नाट्यसंस्था. एखाद्याला नोटीस आली किंवा आपल्या गावाच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, भलत्याच माणसाकडे दिसलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येतो. तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कलमांचे आकडे मुद्दाम दिलेत. तुमच्या वकिलापुढे ते ठेवता येतील.

१. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क काढला, मग त्या नावाचं डोमेन आपोआप माझं झालं ना?

नाही. या दोन वेगळ्या खिडक्या आहेत आणि एका खिडकीवरचा माणूस दुसरीकडे बघत नाही.

ट्रेडमार्क आपल्याकडे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून मिळतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे अर्ज तिथे जातात. हा हक्क सगळ्या जगातल्या सगळ्या वस्तूंवर नसतो. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. ज्या वर्गात अर्ज केला त्यातल्या, अर्जात लिहिलेल्या मालापुरताच तो असतो. ‘समर्थ’ मसाला, ‘समर्थ’ रंग आणि ‘समर्थ’ क्लासेस या तिघांनाही आपापल्या वर्गात नोंदणी मिळू शकते.

डोमेनला वर्ग नसतात. समर्थ डॉट इन एकच, आणि जो आधी पैसे भरेल त्याचं. नाव घेताना कुणी ट्रेडमार्क विचारत नाही. तिघांचा हक्क खरा आणि पत्ता एकच, या फटीतूनच पुढचे बहुतेक वाद निघतात.

२. ‘सनराइज’ म्हणजे काय? त्यात ट्रेडमार्कवाल्यांना आधी का घेतात?

एखादं नवं डोमेन, म्हणजे शेवटचं डॉट-अमुक, बाजारात येतं तेव्हा पहिल्या दिवशी झुंबड उडते. नावाजलेल्या नावांवर भुरटे आधी हात मारतील या भीतीने सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने फक्त आधीचा हक्क असलेल्यांसाठी राखून ठेवतात. त्या काळाला सनराइज म्हणतात. डॉट इन २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं तेव्हाही असंच केलं होतं: १ ते २१ जानेवारी ट्रेडमार्कधारकांसाठी आणि १६ फेब्रुवारीपासून सगळ्यांसाठी.

हेतू चांगला आहे. पण रजिस्ट्री, म्हणजे ते डोमेन चालवणारी संस्था, ट्रेडमार्कचा कागद बघते, त्यामागचा धंदा बघत नाही. म्हणजे हक्क नसला तरी चालेल, हक्काचा कागद असला की झालं. तो कागद स्वस्तात आणि झटपट कुठे मिळतो, हे नावं अडवून विकणाऱ्या सट्टेबाजाने शोधलं की रांगेत तो सगळ्यांच्या पुढे.

३. हे खरंच कुणी केलंय का? एखादं ठोस उदाहरण द्या.

सगळ्यात मोठं उदाहरण युरोपच्या डॉट ईयूचं. त्याचा सनराइज ७ डिसेंबर २००५ ला सुरू झाला. पहिला टप्पा नोंदलेले ट्रेडमार्क आणि सरकारी संस्था यांचा होता, ७ फेब्रुवारी २००६ पासून कंपन्यांची नावं वगैरे इतर हक्क घेतले गेले, आणि ७ एप्रिल २००६ ला दार सर्वांना उघडलं.

नियमात एक साधं वाक्य होतं. ट्रेडमार्कमध्ये डोमेनमध्ये न चालणारी चिन्हं असतील, तर ती गाळावीत, त्यांच्या जागी आडवी रेघ घालावी किंवा जमल्यास शब्दात लिहावीत. एखाद्या प्रामाणिक कंपनीच्या नावात & असेल तर तिची अडचण होऊ नये, एवढाच त्यामागचा विचार होता.

आता ऑस्ट्रियातल्या एका कंपनीने काय केलं ते बघा. जर्मनमध्ये टायरला ‘राइफेन’ म्हणतात. हा रोजच्या बोलण्यातला शब्द टायरसाठी ट्रेडमार्क म्हणून कुणालाही मिळणार नाही. कंपनीने स्वीडनमध्ये अर्ज केला आणि शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या आगेमागे & घातलं. माल कोणता दाखवला? टायर नव्हे, सीटबेल्ट. अशा चिन्हांच्या माळेला हरकत कोण घेणार? नोंदणी मिळाली. मग सनराइजमध्ये तोच कागद पुढे केला, नियमाप्रमाणे सगळी & गळाली आणि मागे उरला स्वच्छ, बाजारात भरपूर किमतीचा शब्द: राइफेन डॉट ईयू. याच पद्धतीने कंपनीने ३३ सर्वसामान्य शब्द स्वीडनमध्ये नोंदवले होते आणि एकूण १८० सर्वसामान्य शब्दांच्या डोमेनसाठी अर्ज टाकले होते.

हे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि ३ जून २०१० ला निकाल लागला. दुष्टबुद्धी ओळखायची कशी, हे न्यायालयाने सांगितलं ते आपल्यालाही उपयोगी आहे. ज्या मालासाठी मार्क घेतला तो माल विकायचा इरादाच नव्हता का? मार्कची मांडणी दिसायला आणि अर्थाने विचित्र आहे का? असे पुष्कळ सर्वसामान्य शब्द एकदम नोंदवलेत का? आणि हे सगळं डोमेनची दारं उघडायच्या जरासं आधी केलंय का? या चारही प्रश्नांची उत्तरं एकत्र ठेवून बघायची. एकट्या & वरून कुणी लबाड ठरत नाही.

मी हा निकाल नव्या मुलांना वाचायला देतो. नियम लिहिणाऱ्याने एका अडचणीची सोय केली आणि त्याच सोयीतून दुसऱ्याने आख्खा ट्रक आत घातला, हे त्यात फार स्पष्ट दिसतं.

४. ट्रेडमार्क युरोपातला आहे, पण आपण युरोपात नाही, तरी लोकांनी डॉट ईयू कसं मिळवलं?

भाडोत्री माणूस उभा करून. डॉट ईयू घ्यायला युरोपीय संघात वास्तव्य किंवा कचेरी लागायची. नियमात ‘हक्कधारकाचा परवानाधारक’ असा शब्द होता, म्हणजे त्यालाही अर्ज करता यायचा. एका अमेरिकी चष्मे-लेन्स कंपनीकडे ‘लेन्सवर्ल्ड’ हा बेनेलक्सचा, म्हणजे बेल्जियम-नेदरलँड-लक्झेंबर्गचा मार्क होता. तिने बेल्जियममधल्या एका सल्लागार कंपनीला परवाना दिला, पण परवान्यात काम एकच होतं: आमच्यासाठी डोमेन नोंदवा. बेल्जियममध्ये खरोखर ऑनलाइन लेन्स विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या हातून नाव गेलं.

१९ जुलै २०१२ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नुसतं डोमेन नोंदवण्याचा अधिकार दिलेला माणूस परवानाधारक नव्हे. परवानाधारकाने मार्क धंद्यात वापरायला हवा. आपल्याकडे कुणी ‘आमच्याकडे ब्रँडचा अधिकृत परवाना आहे’ म्हणून कागद दाखवला तर पहिला प्रश्न हाच विचारा: परवाना माल विकायचा आहे, की फक्त नाव अडवायचा?

५. भारतात असा ‘कागदी’ ट्रेडमार्क काढणं सोपं आहे का?

स्वीडनची & ची युक्ती इथे जशीच्या तशी दिसत नाही, पण तिची भावंडं आहेत.

ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ गाव सांगणारा शब्द नुसता नोंदवता येत नाही. ‘मालवणी’ हा शब्द मसाल्यासाठी कुणा एकाला मिळणार नाही. अपवाद एवढाच की वर्षानुवर्षांच्या वापराने तो शब्द लोकांच्या मनात त्या एकाच धंद्याशी जोडला गेला असेल आणि ते पुराव्याने दाखवता आलं, तर मिळू शकतो.

पळवाट लेबलची. शब्दाला मासा काढायचा, नारळाचं झाड काढायचं, गोल चौकट घालायची आणि चित्रासकट अर्ज करायचा. आख्खं लेबल वेगळं दिसतं म्हणून नोंदणी मिळते. पुढे हा माणूस प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवत फिरतो आणि ‘मालवणी माझं’ म्हणतो. पण कलम १७ म्हणतं की हक्क आख्ख्या मार्कवर आहे, त्यातल्या सर्वसामान्य तुकड्यावर नाही. प्रमाणपत्रातला हा भाग कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

दुसरी भावंडं म्हणजे वर्ग. शब्द खऱ्या धंद्याच्या वर्गात अडकतो, मग तो भलत्याच वर्गात नोंदवायचा. सीटबेल्टच्या नावाखाली टायर, तसं इथे कपड्यांच्या वर्गात फरसाणाचं नाव. (याचं उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.)

खर्चाचं म्हणाल तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात, इतरांना ९,०००. नोंदणीला वेळ लागतो. झटपट मिळत नाही हा आपल्याकडचा त्रास आहे, पण सट्टेबाजाला आवर घालणाराही तोच आहे. बेनेलक्समध्ये त्या काळी काही दिवसांत नोंदणी मिळायची आणि तपासणी मागाहून व्हायची, म्हणून डॉट ईयूच्या आधी सट्टेबाजांची गर्दी तिकडे झाली.

६. अर्ज केलाय, नावापुढे ‘टीएम’ लावलंय. तेवढ्यावर सनराइजमध्ये डोमेन मिळेल का?

नाही. टीएम कुणीही लावू शकतो, त्याला परवानगी लागत नाही. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा. नोंदणी नसताना लावला तर कलम १०७ खाली दंड होतो. नव्या डोमेनांसाठी २०१३ पासून ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस नावाची मध्यवर्ती यादी आहे. तिथे प्रलंबित अर्ज चालत नाही, आणि सनराइजचा फायदा हवा असेल तर मार्क खरंच वापरात असल्याचा नमुनाही द्यावा लागतो. डॉट ईयूला जो धडा मिळाला, तो इथे नियमात आलेला दिसतो.

७. देवनागरीतल्या डॉट भारतचं काय? मराठी नावं तिथेही कुणी अडवतं का?

अडवू शकतं. डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी लिपीत सुरू झालं. हिंदीबरोबर मराठी, कोकणी आणि इतर काही भाषा त्यात धरल्या होत्या. ते डॉट इन चालवणाऱ्या ‘निक्सी’कडेच आहे. यंत्राच्या आत हे नाव रोमन अक्षरांत बदलतं. कधी पत्त्याच्या जागी ‘एक्सएन’ आणि दोन रेघांनी सुरू होणारं विचित्र काहीतरी दिसलं, तर घाबरू नका, ते तेच आहे.

मराठी माणसाला खरा फटका देवनागरीत बसत नाही, रोमनमध्ये बसतो. ‘वडापाव’ रोमनमध्ये व्ही ने लिहितात, डब्ल्यू ने लिहितात, शेवटी व्ही किंवा ओ घालतात. ‘मिसळ’मधला ळ तर रोमनला नाहीच, तो एल होतो आणि ‘मिसल’ वाचला जातो. ‘ज्ञानेश्वर’ डी-एन ने, जी-एन ने की जे-एन ने? तुमच्या नावाची रोमनमध्ये चार रूपं होत असतील, तर सट्टेबाजाला तीन मोकळी मिळतात. ट्रेडमार्कच्या वादात उच्चाराचं साम्य धरलं जातं, त्यामुळे स्पेलिंग वेगळं म्हणून कुणी सुटत नाही. तरी वाद घालण्यापेक्षा मुख्य दोन स्पेलिंगं आणि देवनागरी रूप सुरुवातीलाच घेऊन ठेवा. वर्षाला काही शे रुपयांचं काम आहे.

८. हापूस, कोल्हापुरी, पैठणी ही तर आपल्या सगळ्यांची नावं. ती कुणी ट्रेडमार्क करून डोमेन कसं घेऊ शकतो?

ट्रेडमार्क करणं अवघड आहे, डोमेन घेणं सोपं आहे.

या नावांना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालेलं आहे. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. जीआय कायद्याचं कलम २५ म्हणतं की त्या भागातून न आलेल्या मालासाठी ते नाव घालून कुणी ट्रेडमार्क मागितला आणि त्याने लोकांची दिशाभूल होत असेल, तर तो नाकारायचा किंवा रद्द करायचा.

पण डोमेन विकणारा रजिस्ट्रार जीआयची यादी बघत नाही. परदेशात बसलेला माणूस हापूसचं नाव घेऊन ठेवू शकतो. तो तिथे दुसराच आंबा हापूस म्हणून विकायला लागला, तर त्याच्याविरुद्ध जाता येतं. नुसतं नाव घेऊन पान कोरं ठेवलं असेल, तर लढाई लांबते. मला हे मनापासून खटकतं. देवगडच्या बागायतदाराने पिढ्यान् पिढ्या ज्या नावाला किंमत आणली, त्याच नावाच्या पत्त्यासाठी त्यालाच बोली लावावी लागते.

९. नोटीस आली आहे: ‘हा आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, १५ दिवसांत डोमेन द्या नाहीतर पैसे भरा.’ आता काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी दोन गोष्टी करू नका: फोन करून भांडू नका, आणि घाबरून डोमेन हस्तांतरित करू नका. एकदा गेलेलं नाव परत आणायला फार वेळ जातो.

लालबागचे एक फरसाणवाले काका अशीच नोटीस घेऊन आले होते. कागदावर तुपाच्या बोटांचे ठसे होते. गल्ल्यावर उभ्या उभ्या त्यांनी ती दहा वेळा वाचली असणार. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स. मुलगा म्हणत होता, देऊन टाकू, कटकट नको. आम्ही ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला. हा शोध फुकट आहे, कुणीही घरबसल्या करू शकतो. पडद्यावर आलं: वर्ग २५. म्हणजे कपडे. मार्क शब्दाचा नव्हता, चित्राचा होता. वापर कधीपासून, या रकान्यात ‘वापरण्याचा प्रस्ताव’ एवढंच. अर्ज चार वर्षांपूर्वीचा.

मग मी काकांना म्हटलं, जुनं काहीही आणा. दुसऱ्या दिवशी ते बुटांच्या खोक्यात बिलबुकं घेऊन आले. निळ्या कार्बनची पानं, कडा पिवळ्या पडलेल्या, वर दुकानाचं तेच नाव आणि सात आकडी फोन नंबर. मुंबईचे नंबर आठ आकडी व्हायच्या आधीचा तो कागद. नोटीस पाठवणाऱ्याच्या अर्जापेक्षा किती जुना, हे सांगायला दुसरा पुरावा लागलाच नाही. कलम ३४ म्हणतं की नोंदणीधारकाचा वापर आणि त्याची नोंदणी यांत जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून तुम्ही सतत नाव वापरत असाल, तर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. एका पानाचं उत्तर गेलं. पुन्हा पत्र आलं नाही.

म्हणून नोटीस आली की या गोष्टी तपासा: नोंदणी खरंच आहे, की अर्जावर आक्षेप किंवा हरकत चालू आहे, वर्ग आणि माल कोणता, मार्क शब्द आहे की चित्र, वापराची तारीख काय, आणि तुमचा स्वतःचा सगळ्यात जुना पुरावा कोणता. बिलं, गुमास्ता परवाना, वीजबिल, दिवाळी अंकातली जाहिरात, लग्नाच्या ऑर्डरची चिठ्ठी, काहीही चालतं. फोटो काढून ठेवा, मूळ कागद जपा.

धमकी पोकळ असेल तर कलम १४२ खाली तुम्हीच न्यायालयात जाऊन ती थांबवायला सांगू शकता. समोरच्याने खरोखर दावा लावला, तर मात्र लढाई त्या दाव्यातच होते.

एक अपवाद. समोरचा खरा निघाला, त्याच धंद्यात आणि तुमच्या आधीपासूनचा, तर हट्ट करू नका. नाव बदलायला सहा महिने मागून घ्या. बहुतेक जण देतात.

१०. त्याचा ट्रेडमार्क खोटा आहे हे मला कळतंय. तो रद्द करता येतो का?

येतो, पण कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर रस्ता ठरतो. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला असेल तर त्या तारखेपासून चार महिन्यांत हरकत घ्यायची. ऑनलाइन २,७०० रुपये दर वर्गाला. हे चार महिने वाढवून मिळत नाहीत, त्यामुळे आपल्या नावावर अधूनमधून शोध मारत जा.

नोंदणी होऊन गेली असेल तर कलम ५७ खाली नोंद काढून टाकायचा अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो. पूर्वी यासाठी वेगळं अपिलीय मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बरखास्त झालं. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने मार्क वापरलाच नसेल, तर कलम ४७ हे स्वतंत्र कारण आहे. कागदी मार्कवाल्यांना हेच कलम सगळ्यात जड जातं, कारण त्यांच्याकडे दाखवायला एकही बिल नसतं.

११. डॉट इन किंवा डॉट भारत कुणी बळकावलं तर कुठे जायचं? वेळ किती?

निक्सीकडे आयएनडीआरपी नावाची लवादाची पद्धत आहे. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन तुमच्या नावाशी किंवा मार्कशी सारखं आहे, समोरच्याला त्या नावात काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते दुष्टबुद्धीने नोंदवलंय किंवा वापरतोय. नियमात ‘नाव’ हा शब्दही आहे, म्हणून नोंदणी नसलेल्या पण जुन्या वापराच्या नावावरही तक्रार करता येते.

काम सुरू झाल्यापासून लवादाने ६० दिवसांत निवाडा द्यायचा. फार तर ३० दिवस वाढतात. कामकाज इंग्रजीत चालतं. मिळतं काय? डोमेन रद्द होतं किंवा तुम्हाला मिळतं, आणि लवादाला वाटलं तर खर्च. नुकसानभरपाई मिळत नाही. ती हवी असेल तर प्रश्न १३ बघा. निवाडा पटला नाही तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान देता येतं.

मालक कोण हे शोधताना एक सोय आहे: डॉट इनला नाव झाकणाऱ्या प्रायव्हसी सेवा चालत नाहीत.

१२. आणि डॉट कॉम असेल तर?

तिथे यूडीआरपी नावाची लवादाची पद्धत आहे, १९९९ पासून. फरक एका शब्दाचा आहे. डॉट इनला दुष्टबुद्धीने नोंदवलं *किंवा* वापरलं तरी पुरतं, डॉट कॉमला नोंदणी *आणि* वापर दोन्ही दुष्टबुद्धीचे हवेत. कुणी पंधरा वर्षांपूर्वी चांगल्या मनाने घेतलेलं नाव आज तुम्हाला चढ्या भावाने विकू पाहत असेल, तर डॉट कॉमवर तुमची तक्रार बहुधा टिकणार नाही. जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एका लवादासमोर एक ते पाच नावांसाठी १,५०० डॉलर शुल्क आहे. छोट्या धंद्याला हे परवडत नाही आणि सट्टेबाजाला ते ठाऊक असतं. म्हणूनच तो हजार डॉलर मागतो.

१३. लवाद नको, सरळ कोर्टात गेलो तर?

जाता येतं, आणि या विषयात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ हा वाद आला. एका अक्षराचा फरक. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, असं सांगून न्यायालयाने रॅडिफला मनाई केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’च्या प्रकरणात हाच विचार पक्का केला: डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवण्याविरुद्धचा, दावा लागतो. त्याला नोंदणी लागत नाही. नावाची प्रतिष्ठा आणि लोकांची फसगत दाखवावी लागते.

नोंदणीकृत मार्क असेल तर कलम १३४ मुळे तुमचा धंदा जिथे आहे तिथे दावा लावता येतो. समोरचा नोएडात असला तरी तुम्हाला नोएडाला जावं लागत नाही.

१४. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा नव्या नावाची डोमेनं लगेच कुणीतरी घेतली. हे बेकायदा नाही का?

छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर या प्रत्येक नावाच्या वेळी मला हा प्रश्न आला. नुसतं गावाचं नाव घेणं बेकायदा नाही. सरकारच्या पानांना गव्ह डॉट इन राखीव असतं, ते कुणाला मिळत नाही. बाकी नाव सगळ्यांना मोकळं आहे.

बार्सिलोना शहराला हे महागात पडलं. बार्सिलोना डॉट कॉम एका खासगी कंपनीकडे होतं. २००० मध्ये वायपोच्या लवादाने ते शहराला दिलं. कंपनी अमेरिकेच्या न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की शहराचं नुसतं नाव अमेरिकी कायद्यात कुणाचा ट्रेडमार्क होत नाही. शहर हरलं.

पण त्या पानावर कुणी राजमुद्रा किंवा नगरपालिकेचं चिन्ह लावून दाखल्यांचे पैसे घेत असेल, तर मुद्दा डोमेनचा राहत नाही, फसवणुकीचा होतो. थेट सायबर पोलिसांकडे जा. राष्ट्रीय मदतक्रमांक १९३०.

१५. माझ्या आडनावाचं दुकान आहे. त्याच आडनावाचा ट्रेडमार्क दुसऱ्याकडे आहे. मी डोमेन ठेवू शकतो का?

आपलं स्वतःचं नाव किंवा धंद्याच्या जागेचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कलम ३५ आड येत नाही. जोर ‘प्रामाणिकपणे’वर आहे. चितळे, जोशी, कुलकर्णी असे हजारो आहेत. पण नावाजलेल्या दुकानासारखीच अक्षरं, तोच रंग, तोच माल घेतलात तर आडनाव वाचवणार नाही. डोमेनमध्ये आडनावापुढे गाव किंवा धंदा जोडा. भांडण उभंच राहत नाही.

१६. मी स्वतः पाच-सहा चांगली मराठी नावं घेऊन ठेवली आहेत. मग मीही सट्टेबाज का?

सर्वसामान्य शब्दांची डोमेनं घेऊन विकणं हा कायदेशीर धंदा आहे. ‘पाऊस’, ‘अंगण’, ‘तिखट’ हे कुणाच्या बापाचे नाहीत. रेषा ओलांडली जाते ती दुसऱ्याचं चालतं नाव हेरून, त्यालाच विकण्यासाठी घेतलं तेव्हा. किंवा शब्द अडवण्यासाठी खोटा ट्रेडमार्क काढला तेव्हा (प्रश्न ३ आणि ५). समोरच्या दुकानदाराला तुम्हीच आधी फोन करून किंमत सांगितली असेल, तर तो फोनच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो.

१७. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, आता देत नाही. यालाही ट्रेडमार्क लागतो का?

यात ट्रेडमार्कची पळवाट नाही, पण हा प्रश्न इतका येतो की इथे घेतला. पैसे तुम्ही दिल्याचा पुरावा, त्याच्याशी झालेलं चॅट आणि नावाचा जुना वापर एवढ्यावर डॉट इनची तक्रार टिकू शकते. पुढच्या वेळी डोमेन स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घ्या. मुलाला फक्त आत यायची परवानगी द्या. आणि मुदत चुकवू नका. डॉट कॉमची मुदत संपली आणि वाढीव सवलतीचा काळही गेला, तर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी नाव खुलं होतं. त्या क्षणाला टपून बसलेली यंत्रं असतात.

१८. डॉट बर्लिन, डॉट लंडन आहेत, तसं डॉट मुंबई कुणी ट्रेडमार्कच्या जोरावर घेऊ शकेल का?

शहराच्या नावाचं डोमेन शहरासाठी चालवायचं असेल तर त्या सरकारचा किंवा पालिकेचा पाठिंबा लागतो, असा आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नवी डोमेनं देण्याच्या २०१२ च्या फेरीतला नियम होता. पण ट्रेडमार्क विरुद्ध प्रदेश हा वाद त्याच फेरीत दोनदा पेटला. ‘पॅटागोनिया’ कपड्यांच्या कंपनीने अर्ज केला. अर्जेंटिना आणि चिलीने विरोध केला आणि कंपनीने २०१३ मध्ये अर्ज मागे घेतला. ‘अ‍ॅमेझॉन’चं उलटं झालं. ब्राझील आणि पेरूने वर्षानुवर्षं आक्षेप घेतले, नदीचं नाव आमचं म्हणाले, तरी शेवटी डॉट अ‍ॅमेझॉन कंपनीलाच मिळालं.

दोन्ही ठिकाणी ट्रेडमार्क खरा होता, धंदा खरा होता. तरी एका ठिकाणी सरकारांचा विरोध कामी आला आणि दुसऱ्या ठिकाणी आला नाही. त्यामुळे डॉट मुंबईसारख्या एखाद्या नावाची हालचाल तुमच्या कानावर आली, तर पालिकेकडे आणि राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडे लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा.